वेतन करारातलं दारूचं कलम

आमच्या वेतन करारात पगारवाढ, कॅन्टीनचे दर, सेफ्टी शूज, दिवाळीची मिठाई असं सगळं झाल्यावर शेवटून दुसरं एक कलम आहे: ‘मद्य व अमली पदार्थ, उपचार आणि पुन्हा रुजू होणे’. दीड पानाचं आहे. त्या दीड पानावर जेवढी भांडणं झाली तेवढी पगाराच्या आकड्यावर झाली नाहीत. मी तेव्हा युनियनच्या कमिटीत होतो आणि हा विषय माझ्याकडे आला, कारण दुसऱ्या कुणाला तो नको होता. ‘बेवड्यांची बाजू घेऊन पुढच्या वर्षी निवडून कोण येणार?’ असं आमच्यातल्याच एका जुन्या माणसाने तोंडावर विचारलं होतं.

कारखाना भोसरी-चाकण पट्ट्यातला, फोर्जिंगचा. नाव सांगत नाही, सांगायची गरजही नाही. या पट्ट्यात कुणालाही विचारा, त्याला हे आपल्याच कंपनीचं वाटेल. लोखंडाचा बिलेट भट्टीत बाराशे अंशांच्या आसपास तापवायचा, सांडशीने डायवर, म्हणजे साच्यावर, ठेवायचा आणि वरून हॅमर. कानात प्लग असले तरी ठोका छातीत लागतो. पाळ्या तीन, आणि त्या दर आठवड्याला उलट्या फिरायच्या: थर्ड, मग सेकंड, मग फर्स्ट. म्हणजे शरीराला दर आठवड्याला आधीपेक्षा लवकर झोपायला सांगायचं. शिवाय ‘डबल’. सेकंड शिफ्ट संपली की त्याच हॅमरवर थर्ड मारायची, कारण थर्डचा माणूस आलेला नाही. ओव्हरटाइम दुप्पट दराने मिळतो, त्यामुळे घराचा हप्ता चालू असलेला माणूस नाही म्हणत नाही.

सुरुवात गेटवर झाली. एका परदेशी ग्राहकाच्या ऑडिटमध्ये ‘तुमचं अल्कोहोल धोरण दाखवा’ असा प्रश्न आला आणि पंधरवड्यात ब्रेथ ॲनालायझर आला. बोर्डावर नोटीस लागली: मशीनमध्ये दारू दिसली की निलंबन, मग चार्जशीट, मग कंपनीची अंतर्गत चौकशी. कायद्याने त्यात काही चूक नव्हती. कारखान्याच्या आवारात दारू पिऊन असणं हे मॉडेल स्टँडिंग ऑर्डर्समध्ये, म्हणजे कारखान्यातल्या शिस्तीच्या सरकारी नमुना नियमांत, गैरवर्तनाच्या यादीतच आहे.

पण सापडायला लागले ते वेगळेच लोक. थर्डला येताना पिऊन येणारे कधीच सुटायला शिकले होते. ओळखीचा सिक्युरिटीवाला कोणत्या दिवशी असतो हे त्यांना माहीत होतं. सापडले फर्स्ट शिफ्टचे. सकाळी सातला डबा घेऊन, अंघोळ करून, कपाळाला गंध लावून आलेली माणसं. त्यांचं म्हणणं एकच, ‘मी रात्री घेतली होती, आत्ता नाही.’ आणि ते खरं होतं. कंपनीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी आम्हाला कागदावर हिशोब करून दाखवला. एका क्वार्टरमध्ये, म्हणजे १८० मिलिलिटरमध्ये, साधारण ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. पासष्ट किलोच्या माणसाच्या रक्तात ते १०० मिलिलिटरला सव्वाशे-दीडशे मिलिग्रॅमपर्यंत चढतं. लिव्हर तासाला साधारण १५ मिलिग्रॅमच उतरवतं. लिंबू, ताक, काळी कॉफी, थंड पाण्याची अंघोळ, कशानेही हा वेग वाढत नाही. रात्री दहाला संपवलेली क्वार्टर सकाळी सात-आठपर्यंत कशीबशी निघते. दोन क्वार्टर असतील तर माणूस जेवणाच्या सुट्टीनंतरही दारूतच असतो. गाडी चालवायला कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम आहे. ही माणसं त्याच्या वरच्या आकड्याने चाकणचा ट्रॅफिक पार करून येत होती आणि स्वतःला शुद्धीवर समजत होती.

हा कागद मी नंतर प्रत्येक विभागात फिरवला. धोरण, जागृती, पोस्टर या सगळ्यापेक्षा त्या कागदाने जास्त काम केलं, असं माझं मत आहे. लोकांना उपदेश नको असतो, हिशोब कळतो.

वाटाघाटीत आमची पहिली मागणी मात्र उपचारांची नव्हती. ती होती ऑफिसच्या गेटची. कामगारांच्या गेटवर बटण होतं: दाबलं की चिठ्ठी काढल्यासारखा कुठलाही दिवा लागायचा; हिरवा लागला तर आत जा, लाल लागला तर फुंक मारा. ऑफिसर लोक दुसऱ्या गेटने गाडीतून यायचे, तिथे सलाम होता. ग्राहकांबरोबरची पार्टी रात्री एकपर्यंत चालते हे सगळ्यांना ठाऊक, आणि सकाळी त्यातलाच एखादा साहेब शॉपमध्ये क्रेनखाली उभा असतो. आमच्यातल्या एका पोराने आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेची १९९६ची आचारसंहिता शोधून आणली होती, दारू आणि अमली पदार्थांच्या प्रश्नावरचीच. त्यात दोन गोष्टी आमच्या कामाच्या होत्या. धोरण व्यवस्थापन आणि कामगार दोघांना सारखं लागू असावं. आणि हा प्रश्न आरोग्याचा मानावा, शिक्षेच्या आधी उपचारांचा विचार करावा. एचआरच्या साहेबांनी ती पानं शांतपणे वाचली आणि म्हणाले, ‘हे बंधनकारक नाही.’ आमचे सरचिटणीस म्हणाले, ‘ऑडिटरला दाखवू का मग?’ पुढच्या बैठकीच्या आधी ऑफिसच्या गेटवर बटण बसलं.

पहिल्या आठवड्यात तिथे लाल दिवा कुणाला लागला ते मी लिहिणार नाही. पण त्यानंतर टेबलाच्या पलीकडची भाषा बदलली, हे नक्की.

आता आप्पांबद्दल. नाव अर्थातच हे नाही. आप्पा हॅमरमन, वीस वर्षांच्या वर नोकरी, हाताखाली तयार झालेली पोरं आता लीडर झालेली. गावच्या जत्रेला, गटारीला घ्यायचे, बाकी नाही. मग एका थर्ड शिफ्टला त्यांच्या हेल्परचा हात डायमध्ये गेला. आप्पा समोर होते. हॅमर थांबवला त्यांनीच, टॉवेल बांधला त्यांनीच, ॲम्ब्युलन्समध्येही तेच बसले. दुसऱ्या दिवशी कारखाना निरीक्षक आले, जबाब झाले, हॅमरचा सेफ्टी गार्ड बदलला, सेन्सर लागला. हॅमरची तपासणी झाली, सर्टिफिकेट मिळालं. आणि त्याच हॅमरवर, त्याच जागी, आप्पांना उभं केलं. त्यांना कुणी काही विचारलं नाही. तसं विचारायची पद्धतच नव्हती, आमच्याकडेही नव्हती. युनियनने हेल्परच्या नुकसानभरपाईसाठी धावपळ केली, ती करायलाच हवी होती.

त्यानंतर आप्पांची झोप गेली. सकाळी थर्ड सुटली की झोपण्यासाठी घ्यायला लागले. मग सेकंडनंतर. मग कामावर यायच्या आधी हाताचा कंप थांबवायला. घरच्यांनी जे शक्य ते केलं. वहिनींनी भिंतीवरच्या जाहिरातीतला नंबर लावला: ‘पिणाऱ्याच्या नकळत दारू सोडवा’. पुडी आमटीत टाकायची. एक दिवस आप्पा लालबुंद झाले, छाती धडधडायला लागली, बीपी कोसळलं आणि दवाखान्यात न्यावं लागलं. अशा पुड्यांत काय असतं देव जाणे. दारूबरोबर अशी रिॲक्शन देणारं एक औषध खरंच आहे, डायसल्फिरम नावाचं. पण ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली, माणसाला सांगून, त्याच्या संमतीने द्यायचं असतं. न सांगता दिलं आणि वर त्याने दारू घेतली तर जीव जाऊ शकतो. या पट्ट्यातल्या निम्म्या कंपाउंड वॉलवर ती जाहिरात आहे. कुणी पुसत नाही.

मग माळ. आळंदी हाकेच्या अंतरावर, घरात वारी. आप्पांना तुळशीची माळ घालून आणलं. काही महिने टिकली. एके दिवशी त्यांनी ती स्वतःच काढून देव्हाऱ्यात ठेवली. माळ घालून पिणं त्यांना जमलं नाही, न पिणंही जमेना. आणि श्रावण तर दरवर्षीचाच. ‘मी अख्खा श्रावण थेंब घेत नाही, मग मी व्यसनी कसा?’ हे वाक्य मी किमान पंधरा माणसांच्या तोंडून ऐकलंय. गटारीला दुप्पट पिऊन महिनाभर कॅलेंडरकडे बघत बसायचं आणि महिना संपला की पहिल्याच संध्याकाळी दुकान गाठायचं, हे सोडणं नव्हे. पण त्यांना ते पुरावा म्हणून पुरतं.

आप्पांना लाल दिवा लागला तेव्हा मशीनमधला आकडा बघून सिक्युरिटी ऑफिसरही गप्प झाला. एवढी दारू पोटात असताना हा माणूस सरळ चालत, नीट बोलत होता. म्हणजे शरीराला किती सवय झाली होती बघा. नोटिशीप्रमाणे निलंबन होणार होतं. आम्ही मागितलं की करार होईपर्यंत चार्जशीट थांबवा, आम्ही उपचाराला पाठवतो.

घरी नेऊन चार दिवस खोलीत कोंडून ठेवू, असं त्यांच्या भावाचं म्हणणं होतं. डॉक्टरांनी त्याला बसवून समजावलं. रोज एवढी पिणाऱ्याची दारू एकदम तोडली की पहिल्या दिवसातच घाम, थरथर, मळमळ सुरू होते. पहिल्या एक-दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दोन ते चार दिवसांच्या दरम्यान काहींना भास होतात, माणूस वेळ-जागा विसरतो. त्यात उपचार मिळाले नाहीत तर मृत्यूही होतो. त्यासाठी औषधं आहेत, बी-वन जीवनसत्त्वाची इंजेक्शनं आहेत, आणि त्यासाठीच दवाखाना लागतो. भावाने किल्ली खिशात ठेवली.

आप्पा येरवड्याला मुक्तांगणमध्ये गेले. डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचटांनी १९८६ साली सुरू केलेलं केंद्र. पुलं आणि सुनीताबाईंच्या देणगीचा हात त्याला सुरुवातीला होता हे बहुतेकांना माहीत असतं. तिथला मुक्काम पस्तीस दिवसांचा. मी भेटायला गेलो तेव्हा मनात हॉस्पिटलचं चित्र होतं. प्रत्यक्षात शिस्त होती, योगासनं होती, गटात बसून बोलणं होतं, आणि समुपदेशकांमध्ये स्वतः व्यसनातून बाहेर आलेली माणसं होती. त्यांना फसवणं अवघड जातं. आप्पांच्या सगळ्या थापा त्यांनी आधीच कधीतरी स्वतः मारलेल्या होत्या. वहिनींसाठीही वेगळी बैठक होती. त्या तिथे पहिल्यांदा मनमोकळं रडल्या, असं त्यांनीच मला पुढे सांगितलं.

तिथेच एका समुपदेशकाने मला विचारलं, ‘परत गेल्यावर हे कुठल्या मशीनवर उभे राहणार?’ मी म्हणालो, त्याच. तो म्हणाला, ‘मग आम्ही इकडे काय करतोय?’

कराराचा उरलेला अर्धा भाग या प्रश्नातून निघाला. तोपर्यंत आम्ही फक्त माणसाची नोकरी वाचवत होतो. आता कामाकडे बघायला लागलो. सेफ्टी विभागाकडे आयएसओ ४५००३ आलं होतं, कामाच्या जागी मनावर येणाऱ्या धोक्यांबद्दलचं २०२१चं मार्गदर्शक मानक. आधी त्याचं रूपांतर नेहमीसारखं झालं: शॉपमध्ये ‘ताण टाळा, हसत राहा’ असा फलक लागला, नेमका तासातासाच्या उत्पादनाच्या बोर्डाखाली. रविवारी प्राणायामाचं शिबिर झालं. आम्ही ते मानकच मागून घेतलं आणि वाचलं. त्यात प्राणायामाच्या आधी कामाचा बोजा, पाळ्या, कामावर माणसाचा ताबा किती, वरिष्ठांची वागणूक, भयानक प्रसंग बघावे लागणं या गोष्टी होत्या. म्हणजे धोका आधी कामात शोधा, मग माणसाला श्वास घ्यायला शिकवा.

मग पाहणी झाली. प्रश्नावली आधी इंग्रजी-हिंदीत होती, ती आम्ही मराठीत करून घेतली आणि नाव लिहायची अट काढून टाकली. ‘तुम्हाला ताण जाणवतो का’ याला बहुतेकांनी नाही असं लिहिलं. खाली मोकळ्या जागेत मात्र भरभरून लिहिलं होतं. लघवीला जायला रिलीव्हर, म्हणजे तेवढ्यापुरता बदली माणूस, मिळत नाही. पुढच्या आठवड्याची पाळी शनिवारी रात्री कळते. फोरमन आईवरून बोलतो. डबल मारून घरी गेलं की पोरगं झोपलेलं, उठलं की शाळेत. आणि एकाने फक्त एवढंच लिहिलं होतं: ‘चार नंबर हॅमरजवळून जाताना अजून बघवत नाही.’ ते अक्षर आप्पांचं नव्हतं. म्हणजे आणखी कुणीतरी होता.

शेवटी जे ठरलं ते असं. मशीनमध्ये पहिल्यांदा दारू दिसली तर पंधरा मिनिटं थांबून पुन्हा चाचणी, कारण माउथवॉश किंवा औषधाचा अंश तोंडात असू शकतो. दुसऱ्यांदाही दिसली तर त्या दिवशी काम नाही, कुणाचंही नाही. इथे व्यवस्थापनाचं म्हणणं आम्ही जसंच्या तसं मान्य केलं. हॅमर, क्रेन, फोर्कलिफ्ट यांच्यावर दारूतला माणूस नको. यावर युनियनने सौदा करायचा नसतो. मात्र त्याला स्वतःच्या मोटरसायकलवर परत पाठवायचं नाही. कंपनीची गाडी सोडेल आणि घरी फोन जाईल. ही अट मी सगळ्यात जास्त लावून धरली. आधी गेटवरून परत पाठवलेली माणसं तशीच गाडी मारत हायवेला लागत होती, म्हणजे धोका कंपनीच्या कुंपणाबाहेर ढकलला की कंपनीचं काम संपलं. नोंद नावाने गेटच्या रजिस्टरमध्ये नाही, तर नंबराने दवाखान्यात. चार्जशीटऐवजी डॉक्टरांची भेट आणि जागतिक आरोग्य संघटनेची दहा प्रश्नांची तपासणी. ४० पैकी गुण असतात, ८ किंवा जास्त आले की पुढचं बघायचं. सगळे गटारीवाले व्यसनी नसतात, तेही त्यातून वेगळे निघतात. उपचाराला तयार असेल त्याची नोकरी सुरक्षित. उपचार नाकारून पुन्हा पुन्हा सापडला तर मात्र स्टँडिंग ऑर्डर्स आहेतच.

पैशांवर अडलं. ईएसआयमध्ये, म्हणजे सरकारच्या कामगार विमा योजनेत, आजारपणाच्या रजेला ७० टक्के भत्ता वर्षात ९१ दिवसांपर्यंत मिळतो, पण त्याची पगाराची मर्यादा २१ हजार. आमचे बहुतेक कायम कामगार तिच्या वर गेलेले. राहिला मेडिक्लेम. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ मध्ये दारू आणि ड्रग्जशी जोडलेले मानसिक आजार व्याख्येतच आहेत, आणि विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच धरावं असं कलम २१ मध्ये लिहिलंय. तरी आमच्या पॉलिसीच्या अपवादांच्या यादीत ‘दारू वा व्यसनावरील उपचार’ ही ओळ होती, आणि विमा एजंट त्या ओळीवर बोट ठेवून बसला. शेवटी निम्मा पगार कंपनीने आणि उपचाराचा खर्च कल्याण निधीतून, असं ठरलं. निधीत आमचीही वर्गणी असते. त्यावरून सभेत जोरदार आरडाओरडा झाला. ‘माझ्या बायपासला यांनी किती दिले?’ असं एकाने विचारलं, आणि त्याचा प्रश्न चुकीचा नव्हता.

परत रुजू झाल्यावर तीन महिने फक्त फर्स्ट शिफ्ट, डबल नाही, आणि अपघात पाहिलेल्या माणसाला त्याच मशीनवर उभं करायचं नाही. आप्पा डाय शॉपमध्ये गेले. प्रॉडक्शन इन्सेंटिव्ह बुडाला, त्याबद्दल ते अजून कुरकुरतात. पुतण्याच्या लग्नात एकदा घसरले. दुसऱ्या दिवशी स्वतः दवाखान्यात येऊन सांगितलं आणि पुन्हा फॉलोअपला गेले. कलमात ‘घसरला म्हणजे संपला’ असं नाही, म्हणून ते येऊ शकले. आता पगाराच्या दिवशी संध्याकाळी ते ए.ए.च्या, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांच्या ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ गटाच्या, मीटिंगला असतात. पाळ्याही आता सरळ फिरतात: फर्स्ट, सेकंड, थर्ड, आणि पुढचं वेळापत्रक महिनाभर आधी लागतं. या बदलाला एक रुपया लागला नाही, तरी तो मिळवायला सगळ्यात जास्त बैठका लागल्या.

डबल कायम कामगारांसाठी बंद झाल्या. याचा अर्थ त्या बंद झाल्या असा नाही. त्या आता कॉन्ट्रॅक्टची पोरं मारतात. मराठवाड्यातली, बिहारची, झारखंडची. एका खोलीत सहा-सातजण, पाळीपाळीने झोपणारी. हे कलम त्यांना लागू नाही. त्यांच्यातल्या कुणाला लाल दिवा लागला आणि फुंकेत दारू दिसली की ठेकेदाराला फोन जातो, गेटपास जमा होतो आणि दुसऱ्या दिवशी त्याच नंबरवर दुसरा पोरगा उभा असतो. त्यामुळे ती पोरं दारू टाळतात. गालात तंबाखू, आणि काही जण रात्री पार्किंगमागे गांजा. मशीनला तो कळत नाही. ऑडिटच्या कागदावर आमच्या कंपनीतली दारूची प्रकरणं कमी झालेली दिसतात.

यंदाच्या मागणीपत्रात आम्ही कलमाच्या पहिल्या ओळीत ‘कायम कामगार’च्या जागी ‘कारखान्यात काम करणारा प्रत्येकजण’ असं टाकलंय. व्यवस्थापनाने पहिल्याच बैठकीत ते खोडलं: ती माणसं ठेकेदाराची. आमच्या सभासदांपैकीही बऱ्याच जणांना ते खोडलेलंच बरं वाटतं, कारण निधी वाटून घ्यावा लागेल. पुढची बैठक गटारीच्या आठवड्यात लागली आहे.